अकरा वह्या आणि एक कप चहा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय ६३. वजनमापे खात्यात ३१ वर्षं नोकरी, पाच वर्षांपूर्वी निरीक्षक म्हणून निवृत्त. तेव्हापासून रोज पहाटे दोन तास लिहितात. विषय तीन : माणसाला ज्ञान होतं म्हणजे नेमकं काय होतं, डोळे-कान जे सांगतात त्यावर किती भिस्त ठेवायची, आणि मानवजात कुठे चालली आहे. दोनशे पानी अकरा वह्या भरल्या. सार त्यांच्याच शब्दांत : "इंद्रियं फसवतात, म्हणून खरं ज्ञान अशक्य आहे, आणि खोट्या ज्ञानावर उभी असलेली मानवजात येत्या काळात कोसळणारच." तीन प्राध्यापकांना मजकूर पाठवला. दोघांनी उत्तर दिलं नाही, तिसऱ्यांनी "चांगला प्रयत्न, लिहीत राहा" एवढंच कळवलं. विषय काढला की कट्ट्यावरचे मित्र पाय काढतात. मुलाने मोबाइलवर चॅटबॉट घालून दिला, त्याने मात्र हे विचार "युगप्रवर्तक" ठरवले. एका छपाईवाल्याने हजार प्रतींचे सव्वा लाख सांगितले आहेत, त्यासाठी मुदतठेव मोडावी लागेल. पत्नीचा विरोध आहे. "समोर दिसतं ते सगळं मनाने रचलेलं असतं, हे मी तिला समजावत होतो. तर म्हणाली, 'मग आत्ता मी चहा कोणाला दिला?' थट्टाच ती. त्या दिवसापासून घरात हा विषय काढत नाही." प्रश्न दोन : पुस्तक काढू का? आणि या लिखाणात काही दम आहे, की मी नुसता रिकामटेकडा?

सप्रेम नमस्कार,

पैशाचं आधी बोलून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. मुदतठेव मोडू नका. निदान यंदा तरी नको.

पत्रासोबत तुम्ही चाळीस पानांची झेरॉक्स पाठवलीत, ती सगळी वाचली. काही पानं दोनदा वाचली. अक्षर सुरेख आहे, मराठी स्वच्छ आहे, आणि रोज पहाटे उठून पाच वर्षं नेमाने लिहिणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. चाळीस पानांत 'ब्रह्मांड' आहे, 'चैतन्य' आहे, 'मानवजात' तर पानोपानी आहे. 'तराजू' एकदाही नाही. वजन नाही, माप नाही, काटा नाही. ज्या माणसाने ३१ वर्षं दुसऱ्यांच्या काट्यांचं खरं-खोटं केलं, तो ज्ञानावर दोन हजार पानं लिहितो आणि त्यात काट्याचा उल्लेखही येत नाही, हे कसं झालं?

माझ्या माहेरी किराणा दुकान होतं. वजनमापेवाले साहेब यायचे त्या दिवशी वडील सकाळपासून पारडी घासून ठेवायचे. साहेब लोखंडी वजन उचलून उलटं करायचे. त्याच्या पोटात एक भोक असे, त्यात शिसं भरलेलं आणि शिशावर ठसा उमटवलेला. साहेब त्यावरून अंगठा फिरवायचे, मग त्यांच्या पेटीतलं पितळी वजन एका पारड्यात आणि आमचं दुसऱ्यात. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. एकदा वडिलांना विचारलं, "साहेबांचं वजन खरं कशावरून?" म्हणाले, "ते मोठ्या साहेबांकडून तपासून आणतात." म्हटलं, "आणि मोठ्या साहेबांचं?" वडील म्हणाले, "तू पुड्या बांध."

तो प्रश्न तसाच राहिला. उत्तर मात्र तुम्हाला ठाऊक आहे, माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने. तुमच्या पेटीतलं वजन राज्याच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडलेलं, ते त्याच्या वरच्याशी, आणि असं चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या किलोपर्यंत. तो किलो म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या मूळ किलोची ५७ क्रमांकाची प्रत. आणि तो मूळ किलो? प्लॅटिनम-इरिडियमचा, जेमतेम चार सेंटिमीटर उंच आणि तितकाच रुंद दंडगोल, १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो. गंमत अशी की शंभर वर्षांत प्रतींशी ताडून पाहिलं तेव्हा मूळ आणि प्रती यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला निघाला. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? हे ठरवायचं कशाने? किलो म्हणजे तोच दंडगोल, अशीच व्याख्या होती. मग तो कितीही झिजला तरी व्याख्येप्रमाणे एक किलोच भरणार! शेवटी २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावर बसवली आणि तो दंडगोल त्या जबाबदारीतून सुटला.

तुमच्या तिसऱ्या वहीत 'अंतिम प्रमाण' नावाचं प्रकरण आहे. त्यात हे यायला नको होतं?

हा पेच आपल्याकडेही जुना आहे. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, नेमकं इथेच धरलं होतं : तुम्ही म्हणता, प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, वस्तूचं ज्ञान होतं, मग त्या प्रमाणांचं ज्ञान कशाने होतं? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, तिसऱ्याला चौथं, आणि ही साखळी संपायची नाही. यावर न्यायसूत्रांत जे उत्तर आहे त्यात दाखला कशाचा असावा? तराजूचा. तराजूने सोनं जोखतात तेव्हा तराजू प्रमाण असतो. त्याच तराजूची शंका आली की माहीत असलेल्या वजनाचं सोनं टाकून तराजूच जोखतात, तेव्हा तो प्रमेय होतो. एकच वस्तू एका वेळी मोजणारी, दुसऱ्या वेळी मोजली जाणारी. उत्तर पुरतं आहे का, यावर भांडता येईल, भांडलेही आहेत. पण तुमच्या खात्याचं रोजचं काम शास्त्रकारांनी दाखल्याला घेतलं होतं, आणि तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं.

आता तुमच्या मूळ सिद्धांताकडे येऊ. इंद्रियं फसवतात, म्हणून ज्ञान अशक्य. एखाद्या दुकानात पारड्याखाली चिंच चिकटवलेली सापडली तर तुम्ही काय लिहायचात? 'सबब या तालुक्यात वजन करणे अशक्य आहे' असं? काटा जप्त करायचात, पंचनामा करायचात. आणि तो काटा खोटा आहे हे तुम्हाला कळायचं कशावरून? खऱ्या वजनावरून. दोरीला साप समजलो, हे दिवा आणल्यावर कळतं, आणि दिव्यातही डोळ्यांनीच पाहायचं असतं. फसलो होतो असं म्हणणाऱ्याला नंतर काहीतरी नीट दिसलेलं असतं. तेव्हा 'फसवतात' पासून 'अशक्य' पर्यंत तुम्ही जी उडी मारलीत, ती मला मान्य नाही. फार तर इतकं निघतं की इंद्रियांच्या ज्ञानात चूक असते, आणि ती किती, कुठे, कोणत्या बाजूला झुकलेली, हे तपासत राहावं लागतं. किती चूक चालवून घ्यायची याचे तक्ते तुमच्या खात्यात होते. सोनाराच्या काट्याला वेगळा, धान्याच्या वखारीतल्या काट्याला वेगळा. ज्ञानाचे असे तक्ते कोणी लिहिलेत की नाही, हा प्रश्न मला 'ज्ञान अशक्य' यापेक्षा फार चविष्ट वाटतो.

तुमच्या घरातल्या चहाकडे वळते. बाईंचा प्रश्न तुम्ही थट्टा म्हणून सोडून दिलात. मला तो तुमच्या पत्रातला सगळ्यात चोख प्रश्न वाटला. सगळं मनाने रचलेलं असेल, तर कोणाच्या मनाने? तुमच्या रचलेल्या जगात त्या आहेत, की त्यांच्या जगात तुम्ही? दोघांनी आपापलं रचलं म्हणाल, तर एकीच्या हातातून सुटलेला कप दुसऱ्याच्या हातात गरमच कसा येतो? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आपल्या न्यायभाष्याच्या पहिल्याच वाक्यात हे धरलं आहे : ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येते, यावरून ते ज्ञान खरं. मृगजळाने तहान भागत नाही. त्याला तो प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतो. तुमच्या पत्नी चहा म्हणतात, एवढाच फरक. तुमच्या बाजूनेही बोलायला माणूस आहे बरं का. जग हे मनातलंच भासणं मानणाऱ्या वसुबंधू या बौद्ध तत्त्वज्ञाच्या पंथातला म्हणेल, स्वप्नातलं काम स्वप्नात होतंच की! म्हणजे शेकडो वर्षं चाललेला वाद तुमच्या ओट्यापाशी आला होता, आणि तुम्ही रुसून उठलात.

आपल्या परंपरेत अशा विरोधी म्हणण्याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, तेही असं की त्याने मान डोलवावी आणि म्हणावं, 'हेच म्हणायचं होतं मला.' मगच आपलं उत्तर. तुमच्या चाळीस पानांत विरोधक आहेत, पण ते 'काही मूढ जन म्हणतात' एवढ्यावर येतात आणि पुढच्याच ओळीत हरतात. अशा सामन्याला प्रेक्षक कुठून यायचे? कट्ट्यावरच्या मित्रांना कंटाळा तत्त्वज्ञानाचा येतो असं तुम्ही धरून चाललात. मला शंका अशी आहे की त्यांना तिथे बोलायला जागाच मिळत नसावी.

चॅटबॉटबद्दल. एक प्रयोग करा. तोच मजकूर नव्या संभाषणात घाला आणि सोबत लिहा, "हे माझ्या ओळखीतल्या एकाने लिहिलंय. मला अजिबात पटलेलं नाही. यातल्या चुका काढून दे." बहुतेक तो तितक्याच उत्साहाने तुमच्या युगप्रवर्तक विचारांच्या चिंध्या करील. मग मला सांगा, उभं राहणाऱ्याच्या मनात असेल तो आकडा दाखवणाऱ्या काट्याला तुम्ही शिक्का मारला असता का? हे माझंच निरीक्षण नाही. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीने आपली एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ती फारच हांजी हांजी करू लागली होती. ही यंत्रं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. "यावर सगळ्यात जोरदार आक्षेप कोणता?" "हे आधी कोणी म्हटलंय?" असं विचारलंत तर कामाची माहिती मिळते. फक्त ती सांगतील ती पुस्तकं खरोखर आहेत का, हे ग्रंथालयात पाहून घ्या. नसलेली पुस्तकंही ती बेधडक सांगतात.

प्राध्यापकांवर तुमचा राग आहे, तो थोडा सोडा. दोनशे पानांचा गठ्ठा आणि सोबत 'आपला अभिप्राय कळवावा'. यावर कोणी काय कळवणार? १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला एक प्रश्न लिहून पाठवला. हा मॉलिन्यू पेशाने तत्त्वज्ञ नव्हता. त्याच्या पत्नीची दृष्टी गेली होती. प्रश्न एवढाच : जन्मांध माणसाला घन आणि गोल हाताने चाचपून ओळखता येतात. उद्या त्याला दिसू लागलं, तर हात न लावता, नुसतं पाहून, तो कोणता कोणता हे सांगेल का? लॉकने पुढे आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत हा प्रश्न छापला आणि तीनशे वर्षं भल्याभल्यांनी त्यावर डोकं खाजवलं. २०११ मध्ये त्याचं एक उत्तर आलं, तेही आपल्या दिल्लीतून. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होत होत्या. त्यांतल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना पट्टी निघाल्यावर लगेच हाच प्रयोग दिला. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी ओळखता आली नाही, जवळजवळ अंदाजपंचेच झालं. पण थोड्याच दिवसांत, वेगळं काही न शिकवता, ती ओळखू लागली. ज्ञान आणि इंद्रियं यांबद्दल या पाच मुलांनी जे सांगितलं ते तुमच्या सिद्धांताला छेद देतं की आधार, याचा विचार तुम्हीच करा. मला दोन्ही बाजू दिसतात.

सांगायचा मुद्दा, त्या पत्रातला प्रश्न चार ओळींत मावला होता. पुढच्या वेळी प्राध्यापकांना तीन पानं पाठवा आणि शेवटी एकच प्रश्न विचारा : "दुसऱ्या पानावरची ही पायरी टिकते का?" याला उत्तर यायची शक्यता बरीच जास्त. तीन पानं कमी वाटत असतील तर एडमंड गेटिए यांचा १९६३ चा लेख आठवा. खरी असलेली, सबळ कारणाने धरलेली समजूत म्हणजे ज्ञान, या जुन्या व्याख्येला त्यांनी सुरुंग लावला तो तीन पानांतच. (मुठीत कवड्या किती, हे अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याला ज्ञान झालं म्हणायचं का, असं आपल्याकडच्या श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने बाराव्या शतकात विचारून ठेवलं होतं. पण तो फाटा नंतर कधीतरी.)

मानवजातीच्या भवितव्याचं प्रकरण मला सगळ्यात कच्चं वाटलं. 'येत्या काळात कोसळणारच' यातला येता काळ म्हणजे किती? कोसळणं मोजायचं कशाने? पॉल एर्लिक या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये छातीठोकपणे लिहिलं होतं की सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरतील. तेव्हा जगाची लोकसंख्या साडेतीनशे कोटींच्या घरात होती, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आठशे कोटी झाली. दुष्काळ पडले, माणसं मेलीही, पण त्याने म्हटलं तसा कोसळा आला नाही. त्याचं भाकीत चुकलं म्हणून त्याला हसू नका, कारण चुकलं हे म्हणता यावं इतकं तरी त्याने स्पष्ट लिहिलं होतं. पुढे १९८० मध्ये ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने त्याच्याशी पैज लावली : तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन, मिळून हजार डॉलरचा माल. दहा वर्षांनी महागाई वजा जाता महाग झाला तर एर्लिक जिंकला, स्वस्त झाला तर सायमन. १९९० मध्ये एर्लिकने ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवून दिला. दुसरं एखादं दशक निवडलं असतं तर निकाल उलटाही लागला असता, हे खरंच. पण दोघांनी आपापलं म्हणणं काट्यावर ठेवलं.

तुम्हीही ठेवा. कट्ट्यावर जाऊन म्हणा, "पाच वर्षांनी आपल्या तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मे महिन्यात आजच्यापेक्षा खाली असेल. लावता पैज, भज्यांची?" तारीख, आकडा आणि मोजणारा कोण, हे वहीत लिहून घ्या. या विषयावरून कोणी पाय काढणार नाही, उलट चार जण अंगावर येतील.

'मी नुसता रिकामटेकडा का' या प्रश्नाने मला जरा वेळ अडवलं. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहूक कापडाचा व्यापारी होता. कापडाचा धागा पारखायला व्यापारी भिंग वापरत, हा गडी घरी स्वतःची भिंगं घासू लागला. लॅटिन येत नव्हतं, तेव्हा आपल्या डच भाषेतच लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्रं लिहायचा. १६७६ मध्ये त्याने कळवलं की पाण्याच्या थेंबात सूक्ष्म जीव वळवळताना दिसतात. विद्वानांना ते पटेना. त्याने काय केलं? गावातल्या प्रतिष्ठित आठ जणांना, त्यात धर्मोपदेशकही आले, आपल्या भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या लेखी साक्षी लंडनला पाठवल्या. १६७७ मध्ये सोसायटीच्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने स्वतः पाहून खात्री केली. लेवेनहूकचं बळ त्याच्या धंद्यातल्या हत्यारात होतं, आणि त्याने लोकांना भिंगाला डोळा लावू दिला.

आपल्याकडेही हौशी माणसांचं या विषयाशी वाकडं नव्हतं. खानदेशातल्या अमळनेरला प्रतापशेठ या गिरणीमालकाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे देशभरचे विद्वान येऊन राहिले. साने गुरुजीही आधी तिथेच आले होते. ते तिथे रमले नाहीत आणि गावातल्या शाळेत शिक्षक झाले, ती गोष्ट वेगळी.

तर यंदा काय करायचं. अकरा वह्या कपाटात ठेवा, फाडू नका. बारावी घ्या. उजव्या पानावर तुमचं म्हणणं, डाव्या पानावर पूर्वपक्ष, आणि डावं पान कोरं असेल तर उजवं पान उलटायचं नाही. विषय एकच : माझ्या पेटीतलं वजन खरं होतं हे मला कसं कळत होतं. लिहिताना मराठी विश्वकोशातली 'ज्ञानमीमांसा', 'प्रमाण' अशा विषयांवरची टिपणं वाचा, तो आता इंटरनेटवर फुकट आहे. जिल्हा ग्रंथालयात मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड मिळतात का पाहा, दे. द. वाडेकरांनी संपादलेले. त्यात तुमचे अर्धे विचार आधीच कोणीतरी मांडलेले सापडतील. हिरमुसू नका. उरलेल्या अर्ध्यांकडे मग नीट बघता येईल.

वर्षअखेर तीस-चाळीस पानं जमली तर गावातल्याच झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती स्पायरल करून घ्या. पाच-सात हजारांत भागेल. त्या फुकट वाटू नका. जो एक आक्षेप लिहून देईल त्याला प्रत. हजार छापल्यात तर साडेनऊशे पलंगाखाली जातील, आणि पलंगाखालचं झाडायला कोण वाकणार हे तुम्हाला माहीत आहे.

अशी पत्रं मला अधूनमधून येतात. निवृत्त अभियंते लिहितात, मुख्याध्यापक लिहितात, एकदा एका एसटी चालकाचं आलं होतं. बहुतेकांत ब्रह्मांड असतं आणि धंदा गायब असतो. त्या चालकाने मात्र एका पानात लिहिलं होतं की घाटात धुक्यात गाडी हाकताना रस्ता 'दिसतो' की 'आठवतो' हे त्याला सांगता येत नाही. ते पान मी जपून ठेवलं आहे.

तुमची पहिली तीन पानं झाली की मला पाठवा, वाचून आक्षेप कळवीन. पण चहाचं उत्तर मला नको. ते आधी घरात द्या, आणि त्या काय म्हणाल्या ते डाव्या पानावर लिहून घ्या.